सरासरीच्या खालचा महाराष्ट्र

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग रेल्वेच्या कागदावर आला तो १९९५च्या सुमारास. म्हणजे मंजुरी ते शिट्टी या प्रवासाला तीस वर्षं लागली आणि बीड ते परळी हा पुढचा टप्पा त्या दिवशीही अपुराच होता. त्याच जिल्ह्यातल्या परळीला जुनी रेल्वे आहे. जिल्ह्याच्या ठाण्याला मात्र ती नव्हती. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. ते ठाणंही महाराष्ट्रातलंच आणि हे बीडही महाराष्ट्रातलंच, पण दोहोंमध्ये एकशे बहात्तर वर्षांचं अंतर.

गरीब प्रदेश श्रीमंत प्रदेशाला कधी गाठतो का? अर्थशास्त्राचं जुनं उत्तर बरंच आशावादी आहे. रॉबर्ट सोलो या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९५६ साली मांडलेल्या सिद्धांतातून असं निघतं की जिथं यंत्रं, कारखाने, रस्ते कमी आहेत तिथं नव्यानं घातलेला रुपया जास्त कमावतो. म्हणून भांडवल मागास भागाकडे वळावं, मजूर पुढारलेल्या भागाकडे जावेत आणि हळूहळू दोन्हीकडची मिळकत जवळ यावी. या जवळ येण्याला अर्थशास्त्रात अभिसरण म्हणतात. पुढे रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या राज्यांची १८८०पासूनची मिळकत तपासली आणि या जवळ येण्याचा वेगही सांगितला. दरी दरसाल साधारण २ टक्क्यांनी बुजते, म्हणजे निम्मी बुजायला ३५ वर्षं.

हा हिशेब महाराष्ट्राला लावून पाहा. १ मे १९६० पासून पासष्ट वर्षं झाली. दरसाल २ टक्के धरले तर आज मूळ दरीचा जेमतेम पाव हिस्सा उरायला हवा होता. प्रत्यक्षात राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचा तक्ता निघतो, त्यात वरच्या ओळींवर मुंबई, ठाणे, पुणे आणि तळाला नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, हिंगोली ही नावं वर्षानुवर्षं जागा सोडत नाहीत. वरचा आकडा खालच्याच्या तिपटीच्या घरात असतो. २०१२च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता आणि नंदुरबारचा ०.६०४.

देशाचंही चित्र फारसं वेगळं नाही. केंद्राच्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणीनं याला सरळ कोडंच म्हटलं: जगात गरीब देश श्रीमंतांच्या जवळ येत आहेत, चीनचे प्रांत एकमेकांच्या जवळ येत आहेत, भारतातली राज्यं मात्र दूर जात आहेत. १९६०-६१ मध्ये पश्चिम बंगालचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या वर होतं, आज ते सरासरीच्या खाली आहे. दक्षिणेतली राज्यं १९९१पर्यंत फारशी उठून दिसत नव्हती, ती आता सगळ्यांच्या पुढे आहेत. बिहार सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास अडकला आहे. ओडिशानं मात्र २०००नंतर उचल खाल्ली आणि सरासरीच्या निम्म्यापासून जवळपास नऊ दशांशापर्यंत तो आला. म्हणजे गाठणं अशक्य नाही. ते आपोआप होत नाही, एवढंच.

इथं मुंबई-पुण्याच्या वाचकाला थोडं टोचणारं एक वाक्य लिहून ठेवतो. १९५०च्या दशकापासून १९९३पर्यंत केंद्राचं मालवाहतूक समानीकरणाचं धोरण होतं. पोलाद देशात कुठंही एकाच भावानं मिळावं म्हणून लांबच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोसत असे. खाणींच्या शेजारी कारखाना काढण्याचा जो निसर्गदत्त फायदा बिहार, बंगाल, ओडिशाला होता, तो त्यानं पुसून टाकला आणि बंदराजवळच्या उद्योगांना बळ दिलं. आपल्या औद्योगिक पुढारपणात कर्तबगारी आहेच, पण त्यात दुसऱ्याच्या वाट्याचंही काही आहे.

आता घरातलं बघू. संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीच ही भीती नेत्यांना होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील अशा पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलं जाईल, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात प्रमाण राखलं जाईल, सरकार वर्षातला काही काळ नागपूरला हलेल, तिथं विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन होईल, अशी ती वचनं होती. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. करारातलं अधिवेशन तेवढं बहुतेक वर्षी पाळलं गेलं. डिसेंबरात नागपूरची हॉटेलं भरतात, हुरडा पार्ट्या होतात, मोर्चे सीताबर्डीला अडवले जातात आणि मंडळी परत जातात. मंडळं स्थापन व्हायला मात्र १९९४ साल उजाडलं. घटनेत कलम आल्यापासून अडतीस वर्षं!

मधल्या काळात एक काम झालं आणि ते चोख झालं. १९८३ साली सरकारनं प्रादेशिक असमतोलाचं सत्य शोधायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, नीलकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या दारिद्र्याचं मोजमाप करणारे. दांडेकरांनी भाषणं बाजूला ठेवली आणि वही उघडली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती पैसे लागतील ते मोजायचं. ती रक्कम म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. सिंचनात एक अडचण होती. एक हेक्टर ऊस भिजवणं आणि एक हेक्टर ज्वारी भिजवणं सारखं नाही, कारण ऊस कित्येक पट पाणी पितो. म्हणून सगळी भिजणारी जमीन रब्बी ज्वारीच्या मापात रूपांतरित करून मोजली गेली. १९८४ साली अहवाल आला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के, उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के.

पुढारलेल्या म्हणवणाऱ्या भागाचाही अनुशेष ३७ टक्के कसा? कारण उर्वरित महाराष्ट्र म्हणजे काही फक्त मुंबई-पुणे-कोल्हापूर नव्हे. त्यात कोकण आहे, धुळे-नंदुरबारचा आदिवासी पट्टा आहे, माण-खटाव, जत, आटपाडी हे पिढ्यान्‌पिढ्या छावण्या आणि टँकर पाहणारे तालुके आहेत. मानव विकासाच्या तक्त्यात राज्याच्या तळाला असलेलं नंदुरबार हे विदर्भातही नाही आणि मराठवाड्यातही नाही, ते याच ‘श्रीमंत’ प्रदेशात येतं. प्रदेशाच्या नावानं भांडताना ही गोष्ट कुणालाच सोयीची नसते.

दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. निर्देशांक व अनुशेष समितीनं १ एप्रिल १९९४ या दिवसाचा हिशेब काढला, तेव्हा अनुशेष १४,००६ कोटी ७७ लाखांवर गेला होता. महागाई होती हे खरं, त्यामुळे नुसत्या रकमेवरून ओरड करण्यात अर्थ नाही. पण वाटे पाहा. विदर्भ ६,६२४ कोटी, मराठवाडा ४,००४ कोटी, उर्वरित ३,३७८ कोटी. १९८४ साली विदर्भ आणि मराठवाडा मिळून शेकडा ६३ होते, आता ते शेकडा ७६ झाले. उर्वरित महाराष्ट्रानं आपला अनुशेष बऱ्यापैकी भरून काढला आणि ज्यांच्यासाठी वही उघडली होती ते आणखी मागे पडले. या दोन तक्त्यांतला हा फरक माझ्या मते महाराष्ट्राच्या राजकारणावरचं सगळ्यात कठोर भाष्य आहे आणि त्यात एकही विशेषण नाही.

असं का झालं? एक कारण मोजण्याच्या रीतीतच होतं. सरासरी स्वतः पळत असते. मागचा जिल्हा कालच्या सरासरीला पोचेपर्यंत पुढचे जिल्हे ती वर ओढतात. दुसरं कारण तिजोरीचं. अर्थसंकल्पात तरतूद दिसायची, पण पैसा मार्चअखेर भलतीकडे वळायचा. २००१ साली राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांना निधीवाटपाचे निर्देश द्यावे लागले ते याचसाठी. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. वहीत मोजली जायची ती निर्माण झालेली क्षमता. धरण बांधलं की हेक्टर जमा. त्या हेक्टरात पाणी पोचलं का, आणि पोचलं तर शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, याचा रकानाच नव्हता.

भंडारा जिल्ह्यातलं गोसीखुर्द हे याचं ठळक उदाहरण. वैनगंगेवरच्या या धरणाची मूळ मंजुरी १९८३ची, ३७२ कोटींची. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजायचं होतं. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्च पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. भिंत उभी राहिली, पाणी अडलं, गावं उठली. पण पाणी शेतात नेतात ते कालवे, वितरिका आणि पाटचाऱ्या. त्यांची कामं मागे पडत गेली, आणि झालेल्या कालव्यांच्या दर्जावरून चौकश्या लागल्या. राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत भिजणाऱ्या क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढल्याचं निघालं आणि त्यावरून सरकार हादरलं, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीसाठी चितळे समिती बसली. हा आकडा मोजण्याच्या पद्धतीवरून वादग्रस्त ठरला. पण कागदावरचे हेक्टर आणि ओले हेक्टर वेगळे आहेत, हे त्या निमित्तानं पहिल्यांदा गावोगाव चर्चेला आलं.

मराठवाड्याची कथा उलटी आहे. तिथं धरण आहे, कालवेही आहेत, प्रश्न वरून येणाऱ्या पाण्याचा आहे. पैठणच्या जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी घातला, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. नंतर वरच्या अंगाला, नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणं वाढत गेली आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरण्याची खात्री उरली नाही. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, ज्याला तिकडे सगळे समन्यायी पाणीवाटपाचा कायदा म्हणतात. मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानंही हे तत्त्व मान्य केलं. तरी दर अपुऱ्या पावसाच्या वर्षी तोच खेळ. २०२३ साली ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा वरचे शेतकरी न्यायालयात आणि खालचे रस्त्यावर. नगरच्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यानं कर्ज काढून बाग लावली ती सरकारनंच बांधलेल्या धरणाच्या भरवशावर. एकाच नदीचं पाणी दोनदा वाटून ठेवलं की पुढे कुणीतरी लबाड ठरतोच. पैशाची वाटणी राज्यपालांच्या निर्देशानं होऊ शकते, पाण्याची वाटणी म्हणजे कुणाच्या तरी शेतातून काढून घेणं असतं. म्हणूनच ती सगळ्यात अवघड आणि म्हणूनच तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. श्रीमंत खोऱ्यातून गरीब खोऱ्याकडे संपत्तीचं हस्तांतरण इतकं उघड्या डोळ्यांना क्वचितच दिसलं असेल. आणि ज्या लातूरला प्यायला पाणी नव्हतं, त्याच पट्ट्यात ऊस उभा होता आणि कारखान्यांची धुराडी पेटत होती. मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राचा कित्ता गिरवला, पाऊस मात्र स्वतःचाच राहिला.

सोलोच्या सिद्धांताचं दुसरं अर्धं म्हणजे माणसांचं हलणं. ते महाराष्ट्रात भरपूर झालं. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या पूर्वेकडचे तालुके रिकामे व्हायला लागतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर असे कोयत्यांत मोजले जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, पोरं आणि वर म्हातारी अशी टोळी सांगली, सातारा, कोल्हापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत जाते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत संसार. पोथीतल्या सिद्धांतानुसार एवढे हात गेल्यावर मागे राहिलेल्यांची मजुरी वाढावी आणि दोन्हीकडची मिळकत जवळ यावी. पण उचल ही मजुरी नसते, ते कर्ज असतं. हंगामाअखेर हिशेबात अंगावर बाकी निघते आणि पुढच्या वर्षी तोच मुकादम, तोच फड. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचं स्वागत करायला हवं. पण मुलाची शाळा ऐन नोव्हेंबरात सुटते, ती कोणत्या टक्क्यानं भरून काढणार? असमतोलाचा सगळ्यात चिवट धागा मला इथं दिसतो, कारण तो पुढच्या पिढीत जातो.

कोकणानं वेगळ्या वाटेनं सरासरी गाठली. तिथं मनीऑर्डर होती. गिरणगावातला चाकरमानी दरमहा पैसे पाठवायचा, त्यावर घरं शाकारली गेली आणि पोरं शिकली. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी मुंबईची वाट बंद झाली नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटली. दरडोई उत्पन्न वाढवायचा हाही एक मार्ग: डोकीच कमी होणं. आकड्यात हे यश दिसतं. गावात कुलूप लावलेली घरं दिसतात, जी गणपतीत उघडतात.

मग कारखाने मागास भागात नेता येत नाहीत का? आले ना. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने उभे राहिले. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची स्थापना केली, बियाण्यांचा धंदा उभा केला आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याच्या पोलाद गिरण्याही आहेत. पण ही भरभराट मनमाडहून येणाऱ्या रेल्वेच्या आणि महामार्गाच्या काठानं थांबली. हिंगोलीपर्यंत ती गेली नाही. विदर्भात नागपूर पुढे गेलं, गडचिरोली नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. कोळसा तिथला, राख तिथली, उन्हाळ्यातली धग तिथली, वीज मात्र राज्यभर. आता सुरजागडच्या लोहखनिजावर गडचिरोलीत पोलाद होऊ घातलं आहे. ते झालं तर ओडिशाच्या वाटेनं जाणारं राज्यातलं ते पहिलं उदाहरण ठरेल, आणि विस्थापनाचा हिशेब चुकला तर ओडिशाच्याच चुका पदरात येतील.

समृद्धी महामार्गाकडेही याच नजरेनं बघायला हवं. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आठ तासांत नागपूर, हे सगळ्यांना आवडतं. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. पॉल क्रुगमन यांनी १९९१ साली दाखवलं की वाहतूक स्वस्त झाली की कारखाने नेहमीच दूरच्या भागात जातात असं नाही. कधी कधी ते मोठ्या बाजारपेठेतच आणखी दाटीनं बसतात, कारण आता तिथूनच सगळीकडे माल पोचवता येतो. वाशीम-बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा माल मुंबईला लवकर जाईल हे खरं, पण भिवंडीच्या गोदामातला मालही कारंजा-मेहकरच्या दुकानदाराच्या दारात तितक्याच लवकर येईल. कोणती बाजू जड होईल हे रस्ता ठरवत नाही. त्या रस्त्याच्या फाट्यांवर शीतगृहं, प्रक्रिया उद्योग, कर्ज देणारी बँक आणि कुशल मुलं आहेत की नाहीत, यावर ते ठरतं.

आणि नुसत्या पैशानं होतं, असं वाटणाऱ्यांनी जर्मनी पाहावा. १९९० साली दोन जर्मनी एक झाले, देशभर वेगळा एकजूट कर लावून तीन दशकं पूर्वेत पैसा ओतला गेला. पूर्वेचं दरडोई उत्पादन पश्चिमेच्या निम्म्याहून कमी होतं, ते तीन चतुर्थांशाच्या आसपास आलं, पण सुरुवातीची झपाट्याची वर्षं सरल्यावर वेग मंदावला. त्या पैशाच्या पासंगालाही आपला अनुशेषाचा निधी पुरणार नाही. मग आपल्याकडे दरी तशीच राहिली याचं नवल कशाला?

प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीनं २०१३च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे मोजणीचं एकक धरण्याचा आणि पाण्याला अग्रक्रम देण्याचा सल्ला दिला. डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरलाच तो अहवाल सभागृहात मांडला गेला आणि कपाटात गेला. ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली, ती वेळेत वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. ही मंडळं दात नसलेली होती, हे मान्य. पण त्यांच्यामुळे निदान कुणीतरी दरसाल मोजत होतं. न मोजण्याचा सगळ्यात जास्त फायदा ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्यालाच होतो.

३७१ (२) मध्ये एक साधी अट आहे: प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. तुमचा आमदार डिसेंबरात नागपूरला जाईल तेव्हा त्याला एवढंच विचारा की यंदाचा अहवाल कुठं आहे. आणि त्यात माझ्या तालुक्यात किती हेक्टर प्रत्यक्ष भिजले, किती मुलं नोव्हेंबरात शाळेतून गेली आणि माणशी कमाई किती झाली, हे तीन रकाने आहेत का, तेही विचारा.